राखेचे वर्ष आणि आदरणीय उमर (रजि.)

इस्लामी इतिहासात काही वर्षे आकड्यापेक्षा नावाने अधिक ओळखली जातात. अबरहाने हत्ती घेऊन काबागृहावर चाल केली ते हत्तींचे वर्ष. आदरणीय खदीजा (रजि.) आणि अबू तालिब यांचे निधन झाले ते दुःखाचे वर्ष. याच मालिकेत हिजरी सनाचे 18 वे वर्ष येते. अरबीत त्याला आमुर्रमादा, म्हणजे राखेचे वर्ष, असे म्हणतात. हे वर्ष जानेवारी 639 मध्ये सुरू झाले आणि त्याच इसवी सनाबरोबर जवळजवळ संपले. या एका वर्षात हिजाजमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि शाम प्रांतात प्लेगच्या साथीने हजारो माणसे नेली.

त्या वेळी खिलाफतीची धुरा आदरणीय उमर बिन खत्ताब (रजि.) यांच्या खांद्यावर होती. त्यांच्या कारकिर्दीचे वर्णन करताना आपण बहुधा विजयांची यादी देतो. यर्मूक, कादसिया, मदाइन, बैतुलमुकद्दस ही नावे मुलांनाही पाठ असतात. परंतु रणांगणावरील विजय सेनापती आणि सैनिक मिळवून देत असतात. राज्यकर्त्याची खरी कसोटी त्याच्या प्रजेच्या चुली विझतात तेव्हा लागते. ती कसोटी 18 हिजरीमध्ये लागली. म्हणून उमर (रजि.) यांना जाणून घ्यायचे असेल, तर हे एक वर्ष बारकाईने पाहिले पाहिजे.

त्या वर्षापूर्वीचे उमर (रजि.)

उमर (रजि.) कुरैशांच्या बनू अदी या शाखेत जन्मले. हत्तींच्या वर्षानंतर सुमारे 13 वर्षांनी त्यांचा जन्म झाला. वडील खत्ताब कठोर स्वभावाचे होते. मक्केजवळच्या जजनान परिसरात लहानग्या उमर (रजि.) यांना वडिलांचे उंट चारावे लागत. खलीफा झाल्यावर एकदा त्या भागातून जाताना त्यांनी आपल्या त्या दिवसांची आठवण सोबत्यांना सांगितली होती. वडिलांच्या धाकात लाकडे आणि चारा वाहणारा मुलगा आज अशा स्थानी आहे की त्याच्या आणि अल्लाहच्या मध्ये दुसरा कोणी अधिकारी उरलेला नाही, याचे त्यांना आश्चर्यही वाटत होते आणि भयही.

तरुणपणी ते व्यापारी झाले. लिहिता-वाचता येणाऱ्या मोजक्या कुरैशांपैकी ते एक होते. आरंभी इस्लामचे कट्टर विरोधक असलेल्या उमर (रजि.) यांचे अंतःकरण प्रेषित्वाच्या 6 व्या वर्षी बदलले. बहीण फातिमा (रजि.) आणि मेहुणे सईद बिन जैद (रजि.) यांच्या घरी सूरह ताहाच्या आयती समोर आल्या आणि त्यांच्या मनातला विरोध गळून पडला. पुढे त्यांनी हिजरत केली, आणि बद्र, उहुद आणि खंदक या सर्व प्रसंगी ते पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या सोबत होते. आदरणीय अबू बक्र (रजि.) यांच्या निधनानंतर 13 हिजरीमध्ये, म्हणजे इसवी सन 634 मध्ये, ते खलीफा झाले.

येथे आणखी एका व्यक्तीची ओळख करून घ्यावी लागेल, कारण राखेच्या वर्षाची कथा तिच्याविना पूर्ण होत नाही. ते होते आदरणीय अबू उबैदा बिन जर्राह (रजि.). पैगंबर (स.) यांनी त्यांना या उम्मतचे अमीन, म्हणजे विश्वासू, ठरवले होते. सकीफा बनी साइदा येथे अबू बक्र (रजि.) यांची निवड झाली तेव्हा ते आणि उमर (रजि.) बरोबर होते. पुढे उमर (रजि.) यांनी त्यांना शामच्या सैन्याचे प्रमुख नेमले. खलीफा शामच्या दौऱ्यावर गेले असता त्यांनी या सेनापतीचे घर पाहण्याची इच्छा व्यक्त केली. घरात तलवार, ढाल आणि उंटाचे खोगीर यांखेरीज फारसे काही नव्हते. जगाच्या संपत्तीने आपणा सर्वांना थोडेफार बदलले, परंतु अबू उबैदा (रजि.) यांना बदलले नाही, असे उमर (रजि.) यांना त्या वेळी वाटले. एकदा सोबती आपापल्या मनातील इच्छा सांगत होते. कोणी घरभर सोने मागितले, कोणी घरभर मोती, आणि तेही अल्लाहच्या मार्गात वाटण्यासाठी. उमर (रजि.) यांनी अबू उबैदांसारख्या माणसांनी भरलेले घर मागितले.

आभाळ आटले

18 हिजरीमध्ये मदीना आणि भोवतालच्या प्रदेशात पाऊस पडला नाही. सुमारे नऊ महिने ही स्थिती राहिली. कुरणे करपली, विहिरी खोल गेल्या. वारा सुटला की जळून गेलेली माती राखेसारखी उडत असे, आणि म्हणूनच त्या वर्षाला हे नाव पडले. रानातली जनावरे भुकेने मनुष्यवस्तीजवळ येऊ लागली. मेंढी कापली तर कातड्याखाली लालसर हाडांखेरीज काही निघत नसे.

वाळवंटातील बदू टोळ्यांचे सारे जीवन जनावरांवर अवलंबून. जनावरे मेली तेव्हा त्यांना मदीनेखेरीज दुसरा आधार राहिला नाही. सर्व दिशांनी कुटुंबेच्या कुटुंबे येऊन शहराभोवती उतरली. उमर (रजि.) यांनी त्यांना परत पाठवले नाही. त्यांनी शहराच्या वेगवेगळ्या सीमांवर माणसे नेमली. मिस्वर बिन मखरमा (रजि.) त्यांपैकी एक होते. आपल्या बाजूला कोण आले, कोणाला काय मिळाले, कोण आजारी आहे याचा वृत्तांत ही माणसे रोज संध्याकाळी खलीफांकडे आणत.

एका रात्री उमर (रजि.) यांनी जेवणाऱ्यांची मोजदाद करायला लावली. प्रत्यक्ष येऊन जेवणारे सुमारे 7000 निघाले. जे येऊ शकत नव्हते अशा स्त्रिया, मुले आणि आजाऱ्यांची संख्या सुमारे 40,000 भरली. काही दिवसांनी पुन्हा मोजले तेव्हा हेच आकडे 10,000 आणि 50,000 पर्यंत पोहोचले होते. त्या काळच्या मदीनेसारख्या शहराला हा भार किती मोठा होता याची कल्पना वाचकांनी करावी. पहाटेपूर्वीच आचारी उठत, मोठ्या देगा चुलींवर चढत, आजाऱ्यांसाठी पिठाची पातळ लापशी शिजे आणि इतरांना तेलात चुरलेली भाकरी मिळे.

बैतुलमालमध्ये होते ते संपत आले. तेव्हा उमर (रजि.) यांनी शाम आणि इराकच्या अधिकाऱ्यांना तातडीची पत्रे पाठवली. सर्वांत आधी अबू उबैदा (रजि.) स्वतः आले. त्यांच्याबरोबर धान्याने लादलेले 4000 उंट होते. मदीनेभोवती उतरलेल्या लोकांमध्ये हे धान्य वाटण्याचे काम खलीफांनी त्यांच्यावरच सोपवले. काम पुरे झाल्यावर उमर (रजि.) यांनी त्यांना 4000 दिरहम देऊ केले. त्यांनी नाकारले. आपण हे अल्लाहसाठी केले, त्यात जगाची भेसळ नको, असे त्यांचे म्हणणे होते. मागितल्याविना मिळालेले घेण्यास हरकत नाही, स्वतः पैगंबर (स.) यांनी आपल्यालाही असेच समजावले होते, हे उमर (रजि.) यांनी सांगितल्यावरच त्यांनी ती रक्कम घेतली आणि ते शामला परतले. त्यांच्या मागोमाग इतर प्रांतांतूनही तांडे येऊ लागले.

खलीफांचे ताट

दुष्काळात शासनाने धान्य वाटणे ही मोठी गोष्ट आहे, पण इतिहासात त्याची इतरही उदाहरणे सापडतील. राखेच्या वर्षाचे वेगळेपण खलीफांच्या स्वतःच्या ताटात दिसते.

एके दिवशी उमर (रजि.) यांच्यापुढे तुपात चुरलेली भाकरी आली. त्यांनी एका बदूला सोबत जेवायला बसवले. तो माणूस ताटाच्या कडेला साचलेले तूप बोटांनी निपटून खाऊ लागला. चौकशी केली तेव्हा कळले की त्याने कित्येक दिवसांत तूप किंवा तेल चाखले नव्हते, कोणाला खाताना पाहिलेही नव्हते. त्या क्षणी उमर (रजि.) यांनी शपथ घेतली की लोकांना पूर्वीसारखे दिवस येईपर्यंत आपण तूप आणि मांस तोंडाला लावणार नाही.

ही शपथ त्यांनी शब्दशः पाळली. ते तेल आणि भाकरी खात राहिले. मूळचा त्यांचा उजळ वर्ण काळवंडला. पोट गुरगुरत असे तेव्हा ते त्यालाच समजावत की लोकांची स्थिती सुधारेपर्यंत याहून वेगळे काही मिळणार नाही. एकदा बाजारात तुपाचा बुधला आणि दुधाची पखाल विकायला आली. सेवकाने 40 दिरहम मोजून ती खलीफांसाठी विकत घेतली. किंमत ऐकताच उमर (रजि.) यांनी दोन्ही वस्तू दान करायला सांगितल्या. स्वतःच्या जेवणावर एवढा खर्च करणे त्यांना उधळपट्टी वाटली. प्रजेला जे सोसावे लागते ते आपल्याला सोसावे लागले नाही, तर तिची काळजी आपल्याला कशी वाटेल, हा त्यांचा प्रश्न होता.

आणखी एकदा लोकांसाठी उंट कापला गेला आणि त्यातील मदार व काळीज, म्हणजे सर्वांत उत्तम भाग, खलीफांच्या ताटात वाढले गेले. लोकांना हाडे वाढून स्वतः उत्तम भाग खाणारा शासक वाईट शासक होय, असे समजावून त्यांनी ते ताट उचलायला लावले. स्वतःसाठी त्यांनी नेहमीचे तेल-भाकरी मागवले, आणि तेदेखील हातात घेतल्यावर एका गरजू घराची आठवण झाली म्हणून तिकडे पाठवून दिले.

घरातील मुलांनाही सवलत नव्हती. आपल्या एका लहानग्याच्या हातात फळ पाहून ते रागावले. उम्मत भुकेने खंगत असताना खलीफाच्या मुलाने फळे खावीत हे त्यांना सहन होईना. मूल रडत पळाले. मग कळले की त्याने मूठभर खजुराच्या बिया देऊन ते फळ मिळवले होते. तेव्हा कुठे ते शांत झाले.

अबू हुरैरा (रजि.) यांनी त्या वर्षी पाहिलेले एक दृश्य इतिहासात नोंदले गेले आहे. उमर (रजि.) यांच्या पाठीवर दोन गोण्या होत्या आणि हातात तेलाचा बुधला. सेवक अस्लम सोबत होते आणि दोघे आळीपाळीने ओझे वाहत होते. अबू हुरैरा (रजि.) यांनीही खांदा दिला. मदीनेबाहेर सिरार येथे मुहारिब टोळीची सुमारे वीस कुटुंबे उतरली होती. भुकेपोटी ती माणसे मेलेल्या जनावराचे भाजलेले कातडे आणि कुटलेली हाडे खात होती. उमर (रजि.) यांनी अंगावरची चादर बाजूला ठेवली, स्वतः चूल पेटवली, सर्वांना पोटभर वाढले, नंतर मदीनेहून उंट मागवून त्यांना सुरक्षित ठिकाणी हलवले आणि अंगावर कपडे दिले. इराण आणि रोमच्या सम्राटांना हरवणाऱ्या राज्याचा प्रमुख धुरात बसून लापशी ढवळत होता.

एवढे करूनही अनेक माणसे दगावली. छावण्यांत आजार पसरले. उमर (रजि.) मृतांसाठी कफन पाठवत आणि जनाजाची नमाज पढवत. अस्लम सांगत असत की दुष्काळ आणखी लांबला असता तर लोकांच्या चिंतेने उमर (रजि.) यांचेच प्राण गेले असते, अशी भीती त्यांच्या जवळच्यांना वाटू लागली होती.

भूक आणि कायदा

त्या वर्षी उमर (रजि.) यांनी दोन निर्णय घेतले, ज्यांचा उल्लेख इस्लामी कायद्याचे अभ्यासक आजही करतात. पहिला निर्णय चोरीच्या शिक्षेसंबंधी होता. दुष्काळाच्या काळात हात कापण्याची शिक्षा त्यांनी अमलात आणली नाही. त्यांनी अल्लाहचा कायदा बदलला असा याचा अर्थ नव्हे. जो माणूस भुकेने व्याकूळ होऊन दुसऱ्याच्या अन्नाला हात लावतो, त्याच्या बाबतीत शिक्षेच्या अटीच पूर्ण होत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. मदीनेतील हातिब यांच्या गुलामांनी मुजैना टोळीतील एकाचा उंट चोरून कापला तेव्हाही त्यांनी याच दृष्टीने पाहिले. गुलामांना उपाशी ठेवले जात असल्याचे लक्षात येताच त्यांनी गुलामांना सोडले आणि मालकाकडून उंटाच्या 400 दिरहम किमतीच्या दुप्पट भरपाई वसूल केली. चोर कोणी झाला हे पाहण्याबरोबरच त्याला चोर कोणी केले हेही त्यांनी पाहिले.

दुसरा निर्णय जकातविषयी होता. त्या वर्षी जनावरांची जकात गोळा करायला त्यांनी कोणालाही पाठवले नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर दोन्ही वर्षांची जकात घेण्यात आली. त्यातील एका वर्षाचा हिस्सा जिथून घेतला तिथल्याच गरजूंना वाटायचा आणि दुसरा मदीनेला आणायचा, असा आदेश होता. गरिबांचा हक्क बुडाला नाही आणि संकटात सापडलेल्या पशुपालकाचे शेवटचे जनावरही गेले नाही.

पावसासाठी हात उठले

माणसाच्या हाती जे होते ते सर्व करून झाले होते. परंतु पाऊस कोणत्याही खलीफाच्या आदेशाने पडत नाही. उमर (रजि.) यांनी सर्व प्रांतांत पत्रे पाठवून एका ठरावीक दिवशी पावसाची नमाज, म्हणजे नमाजे इस्तिस्का, अदा करण्यास सांगितले. मदीनेत ते स्वतः लोकांना घेऊन मोकळ्या मैदानात गेले. त्यांच्या दुआचा मोठा भाग क्षमायाचनेचा होता. संकटाचे कारण ते लोकांच्या पापांत शोधत नव्हते. आपल्याच हातून काही चूक घडली असेल आणि तिची शिक्षा उम्मतला मिळत असेल, ही भीती त्यांना रात्रीच्या नमाजांत रडवत असे.

त्यांनी पैगंबर (स.) यांचे काका आदरणीय अब्बास (रजि.) यांना पुढे केले आणि त्यांच्याकडून दुआ करून घेतली. पैगंबर (स.) हयात असताना लोक पावसाच्या दुआसाठी त्यांच्याकडे जात. आता त्यांच्या घराण्यातील वडीलधारी व्यक्ती अल्लाहपुढे हात पसरून उभी होती. दुआ कबूल झाली आणि पाऊस आला.

जमीन हिरवी झाल्यावर उमर (रजि.) यांनी बदू कुटुंबांना शिधा आणि उंट देऊन आपापल्या प्रदेशात परत पाठवण्याची व्यवस्था केली. त्या पाठवणीच्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आलेल्यांपैकी कितीतरी जण परत जाण्यासाठी उरले नव्हते.

अमवासची साथ

दुष्काळ हिजाजमध्ये होता, तर शाममध्ये दुसरेच संकट उभे राहिले. बैतुलमुकद्दस आणि रमला यांच्या दरम्यान अमवास नावाचे ठिकाण आहे. तेथून प्लेग पसरला. सुमारे एक शतक आधी, सम्राट जस्टिनियनच्या काळात, रोमन जगात जी प्लेगची साथ आली होती, तिच्याच पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या लाटांपैकी ही एक होती असे आजचे इतिहासकार मानतात.

उमर (रजि.) त्या सुमारास शामच्या दौऱ्यावर निघाले होते. हिजाज आणि शाम यांच्या सीमेवरील सर्ग या ठिकाणी अबू उबैदा (रजि.) आणि इतर सेनापती त्यांना भेटले आणि साथीची वार्ता दिली. पुढे जायचे की परत फिरायचे? उमर (रजि.) यांनी एकट्याने निर्णय घेतला नाही. आधी ज्येष्ठ मुहाजिरांना बोलावले, त्यांच्यात दोन मते पडली. मग अन्सारांना बोलावले, त्यांच्यातही दोन मते पडली. शेवटी मक्केच्या विजयाच्या सुमारास हिजरत केलेल्या कुरैशांच्या वृद्धांना विचारले. त्यांनी एकमुखाने सांगितले की इतक्या लोकांना साथीच्या तोंडी देऊ नये, परत फिरावे. उमर (रजि.) यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी परतण्याची घोषणा केली.

विरोध झाला तो अबू उबैदा (रजि.) यांच्याकडून. अल्लाहने लिहिलेल्या नियतीपासून पळायचे काय, हा त्यांचा सवाल होता. हा सवाल दुसऱ्या कोणी केला असता तर बरे, असे उमर (रजि.) यांना वाटले, कारण अबू उबैदा (रजि.) यांच्याशी मतभेद त्यांना जड जात असे. त्यांनी समजावले की आपण अल्लाहच्या एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत. ज्या खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड आहे, तेथे उंट कोणत्याही बाजूला चारले तरी ते अल्लाहच्या नियतीनुसारच असते. म्हणून काय मेंढपाळ जाणूनबुजून उजाड बाजू निवडतो?

इतक्यात कामानिमित्त बाहेर गेलेले अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) परतले. त्यांनी पैगंबर (स.) यांचा आदेश सांगितला. ज्या प्रदेशात साथ असल्याचे कळेल तेथे जाऊ नये, आणि आपण राहतो तेथे साथ आली तर तिच्यापासून पळून जाण्यासाठी बाहेर पडू नये. उमर (रजि.) यांनी अल्लाहचे आभार मानले आणि ते मदीनेला परतले. अबू उबैदा (रजि.) आपल्या सैन्याकडे गेले.

एका पत्राचे उत्तर

साथ वाढत गेली. मदीनेत उमर (रजि.) यांना आपल्या मित्राची चिंता लागून राहिली. त्यांनी अबू उबैदा (रजि.) यांना पत्र लिहिले. आपले एक महत्त्वाचे काम आहे, ते तुमच्याखेरीज होणार नाही, पत्र मिळताच निघा, अशा आशयाचे ते पत्र होते. आवश्यक कामासाठी साथीच्या प्रदेशातून बाहेर पडण्यास मनाई नाही, मनाई आहे ती पळून जाण्यास. तेव्हा या बोलावण्यात आदेशभंग नव्हता. तरीही अबू उबैदा (रजि.) यांनी त्यामागचा हेतू ओळखला. जो टिकणार नाही त्याला खलीफा टिकवू पाहत आहेत, हे त्यांना उमगले. त्यांनी अत्यंत आदराने उत्तर पाठवले. आपण मुस्लिमांच्या सैन्यात आहोत, त्यांच्यावर जे येईल त्यापासून स्वतःला वेगळे काढण्याची इच्छा नाही, तेव्हा या आदेशातून आपल्याला मोकळे करावे.

पत्र वाचताच उमर (रजि.) रडले. जवळच्यांना वाटले की अबू उबैदा (रजि.) यांच्या मृत्यूची वार्ता आली. उमर (रजि.) यांनी सांगितले की मृत्यू झालेला नाही, पण झाल्यासारखाच आहे. मग त्यांनी दुसरे पत्र लिहून सैन्याला सखल, दमट जागेतून उंच आणि मोकळ्या हवेच्या ठिकाणी हलवण्यास सांगितले. अबू उबैदा (रजि.) त्या तयारीत असतानाच त्यांना प्लेगने गाठले आणि ते अल्लाहला प्यारे झाले. त्यांचे वय सुमारे 58 वर्षांचे होते.

विचार करा. काही महिन्यांपूर्वी ज्याने स्वतःच्या ताटातले तूप प्रजेसाठी सोडले, त्याने या एका माणसासाठी मार्ग शोधून पाहिला. तो मार्ग शरीयतच्या चौकटीतला होता. परंतु ज्याच्यासाठी तो शोधला, त्याने सैनिकांना मागे ठेवून एकट्याने वाचणे नाकारले. खलीफांनी दुष्काळात जो आदर्श घालून दिला होता, त्याच आदर्शावर त्यांचा मित्र ठाम राहिला. उमर (रजि.) यांना अबू उबैदांसारख्या माणसांचे घर का हवे होते, हे या उत्तरावरून कळते.

अबू उबैदा (रजि.) यांच्यानंतर मुआज बिन जबल (रजि.) यांनी सूत्रे घेतली. पैगंबर (स.) यांच्या सोबत्यांपैकी हलाल आणि हरामचे ज्ञान त्यांना सर्वाधिक होते. त्यांच्या मुलांना आणि नंतर त्यांनाही त्याच साथीत मृत्यू आला. यजीद बिन अबू सुफियान (रजि.) आणि शुरहबील बिन हसना (रजि.) हे सेनापतीही गेले. शेवटी अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांवर पांगवले आणि साथ ओसरली. उमर (रजि.) यांनी हा उपाय नापसंत केला नाही. या साथीत सुमारे 25,000 माणसे दगावल्याचे इतिहासकार सांगतात.

साथ सरल्यावर उमर (रजि.) यांनी आदरणीय अली (रजि.) यांच्यावर मदीना सोपवली आणि ते शामला गेले. तेथे मृतांच्या वारशाचे असंख्य प्रश्न पडून होते. कित्येक घरांत वारसांचेही वारस मेले होते. त्यांनी वारसांचे हक्क वाटून दिले, सैन्याची नव्याने व्यवस्था लावली आणि रिक्त जागी अधिकारी नेमले. दमास्कसची जबाबदारी यजीद (रजि.) यांचे बंधू मुआविया (रजि.) यांच्याकडे गेली.

दुष्काळाचा धडा

राखेचे वर्ष संपत असताना, जिलहज महिन्यात, अम्र बिन आस (रजि.) इजिप्तच्या सीमेवरील अल-अरीशला पोहोचले होते. पुढील काही वर्षांत इजिप्त खिलाफतीत आले. उमर (रजि.) दुष्काळ विसरले नव्हते. त्यांच्या आदेशाने नील नदीपासून लाल समुद्रावरील कुल्जुम बंदरापर्यंतचा जुना, बुजलेला कालवा पुन्हा खोदण्यात आला. त्यातून इजिप्तचे धान्य नावांनी निघे आणि समुद्रमार्गे मदीनेच्या अल-जार बंदरात उतरे. हा कालवा अमीरुल मोमिनीनचा कालवा म्हणून ओळखला गेला. संकट टळल्यावर केवळ शुक्र अदा करून ते थांबले नाहीत. पुढच्या संकटाची तजवीज करणे हाही त्यांच्या दृष्टीने शुक्राचाच भाग होता.

23 हिजरीच्या अखेरीस, नोव्हेंबर 644 मध्ये, फजरच्या नमाजेत अबू लुलू फिरोजने त्यांच्यावर खंजिराने वार केले. मृत्युशय्येवर त्यांनी आपल्यावरील कर्जाचा हिशेब मांडायला लावला आणि ते फेडण्याची जबाबदारी मुलावर सोपवली. आदरणीय आयेशा (रजि.) यांची परवानगी घेऊन त्यांना पैगंबर (स.) आणि अबू बक्र (रजि.) यांच्या शेजारी दफन करण्यात आले.

आपल्यापैकी कोणी खलीफा नाही. परंतु पैगंबर (स.) यांच्या शिकवणीनुसार प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाविषयी विचारले जाणार आहे. घराच्या कर्त्याने स्वतःच्या ताटाकडे पाहताना शेजाऱ्याच्या चुलीकडेही पाहावे. लग्नाच्या दस्तरखानावर अन्न वाया जाताना ज्यांना तूप पाहायलाही मिळत नाही त्यांची आठवण व्हावी. आजारपणात औषधोपचार आणि दक्षता घेणे हे अल्लाहवरील भरवशाच्या विरुद्ध नाही, हे सर्गच्या मैदानातील निर्णयाने कायमचे स्पष्ट केले आहे. आणि ज्यांची जबाबदारी आपण स्वीकारली आहे त्यांना संकटात सोडून एकट्याने सुटका करून घ्यायची नसते, हे अबू उबैदा (रजि.) यांनी आपल्या उत्तराने शिकवले.

अल्लाह आम्हा सर्वांना आपापली अमानत पार पाडण्याची सद्बुद्धी आणि सामर्थ्य देवो. आमीन.